मार्तंडरावांचा पक्का किरायानामा

निजामाचं राज्य होतं, कचेरीचं काम उर्दूत चालायचं. जुन्या जालन्यातले मार्तंडराव लोकांचे अर्ज लिहून द्यायचे आणि आपल्या कागदातून मुंगीही निसटणार नाही, असं ज्याला त्याला ऐकवायचे. घराची पुढची खोली त्यांनी कडूबा तांबटाला तीन वर्षांसाठी किरायानं दिली. कागद लिहायला दोन दिवस लागले. त्यात ‘धंदा : तांबट’ असं त्यांनीच लिहिलं, पण तांबट म्हणजे ठोके, हे त्या शहाण्या डोक्यात काही शिरलं नाही.

पहाटेपासून हातोडा सुरू व्हायचा. मार्तंडरावांचा जपसुद्धा ठोक्यांच्या तालावर पळायचा.

आठ महिन्यांनी कडूबा हात जोडून आला. “मालक, वाटूरला सासऱ्याचं दुकान रिकामं पडून राह्यलं. मला जाऊ द्या.”

दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मार्तंडरावांच्या अंगात मात्र कागद संचारला. “मुद्दत तीन वर्षांची आहे. सहावं कलम ऐक!” त्यांनी ते उर्दूत खणखणीत वाचलं, मग मराठीत समजावलं : मुद्दतीआधी मालकानं काढायचं नाही, किरायेदारानं सोडायचं नाही.

“बराबर हाय, मालक,” म्हणून कडूबा गेला. लगेच ठोके सुरू झाले.

“जिंकलात?” तुळजाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. नवऱ्यानं कागदाची घडी करून पेटीत ठेवली.

पाचव्या दिवशी मार्तंडराव स्वतःच कडूबाच्या दारात उभे राहिले. “तुझी अडचण मला पटली. जा तू.”

“आता कसा जाऊ? दुकान साडूला देऊन टाकलं. अन् तुम्हाला काढता येत न्हाई, तुम्हीच सांगितलं न्हाई का?”

मार्तंडराव परत आले आणि त्यांनी कानात कापूस घातला, तो पुढं काढलाच नाही. पुढच्या वर्षी ते तापानं अंथरुणाला खिळले. तेव्हा कडूबानं कुणी न सांगता ऐरण उचलली, कुंडलिका नदीच्या काठी नेली आणि वीस दिवस उन्हात बसून तिथंच भांडी ठोकली.

“हे कुठल्याच कलमात नव्हतं गं,” मार्तंडराव बायकोला म्हणाले, “मला सुचलंच नसतं.”

मुद्दत संपल्यावर त्यांनी नवा कागद केला, चार ओळींचा. महिनाभर आधी सांगून दोघांनाही मोकळं होता यावं, एवढंच त्यात होतं. कडूबा त्यावर आणखी अकरा वर्षं राहिला. कुणी कडक किरायानामा मागायला आलं, की मार्तंडराव आधी आपली ही फजिती सांगायचे, मगच दौत उघडायचे.