आईला सहा बाइट

सोप्या कामाला हात लावून त्याचं वाटोळं करण्यात माझ्या आतेभावाचा हात धरणारा माणूस अख्ख्या नाशकात नव्हता. इंदिरानगरात आमच्याच मजल्यावर तो एकटा राहायचा, कंपनीत दिवसभर प्रोग्रॅम लिहायचा आणि घरी येऊन पुन्हा तेच करायचा. चहातली साखर त्याने कीबोर्डवर घातलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे. अक्षर तर असं, की पोस्टातल्या बाईंनी पाकीट खिडकीतूनच परत देऊन विचारलं होतं, "हे कळवण आहे की पेठ?"

कळवणला माझी आत्या, त्याची आई. काचबिंदूने तिची नजर हळूहळू चालली होती. एकदा ती त्याला म्हणाली, "बाळा, मोठ्या अक्षरात एक पत्र लिव्ह. डोळे हायेत तवर माझी मी वाचीन." मी म्हटलं, जाड पेनाने मी लिहून देतो. "माझ्या आईला पत्र तू लिहिणार?" तो भडकलाच. बाजारातले मराठी फॉन्टही त्याला चालेनात. "ते मराठीचं सोंग आहे रे. आत इंग्रजीच बसलंय. आईला खरं मराठी जाईल." आणि गडी सी भाषेत स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला बसला.

मग सुरू झाले आमचे हाल. आधी यंत्र काहीच छापेना, कारण भाषा कोणती हे त्याला सांगायचंच राहिलं होतं. ते सांगितलं, तर पुढे दुसरंच. कॉम्प्युटरच्या पोटात म्हणे प्रत्येक अक्षराला एक ऐसपैस जागा असते. बाहेर काढताना मात्र त्याचे बाइट, म्हणजे तुकडे करायचे, मराठी अक्षराचे तीन-तीन. हे त्याने मला लग्नाच्या पंगतीत, माझ्याच पानातल्या जिलब्या मोडून समजावलं. स्वतः मात्र इंग्रजीच्या सवयीने जितकी अक्षरं तितक्याच बाइटची जागा ठेवून बसला होता. नुसतं ‘आई’ छापलं, तर कागद कोरा! जागा दोनाची, लागणार सहा. हे उमगेपर्यंत दिवाळी गेली, आखाजी गेली, पुन्हा दिवाळी आली. आत्या फोनवर विचारायची, "निघालं का रे पत्र?" हा तिला बाइट समजावत बसायचा आणि ती बिचारी ‘हां बाळा, हां’ म्हणायची. मी डोक्याला हात लावायचो. खरं तर मला रडू यायचं.

शेवटी पत्र छापलं गेलं. टपोरं, काळंभोर, एक काना इकडचा तिकडे नाही. आम्ही दोघं एसटीने कळवणला गेलो. आत्याने कागद डोळ्यांपाशी धरला, मग दाराच्या उजेडात धरला, मग त्यावरून नुसती बोटं फिरवली.

"लय सुरेख असंल," ती म्हणाली. "वाचा कुणीतरी."

त्याने कागद माझ्याकडे सरकवला, म्हणून मी वाचलं. ‘डोळ्यांत औषध वेळेवर घाल. थंडीत पाणी भरायला जाऊ नकोस. तुझी फार आठवण येते.’ एवढंच. हे त्याला फोनवर कधीही सांगता आलं असतं.

आत्या त्याचा हात चाचपत म्हणाली, "आता तू वाच, बाळा. तुझ्या आवाजात ऐकायचंय."

त्याने माझ्या हातून कागद घेतला आणि तिच्या शेजारी बसून अडखळत वाचायला लागला.