दारात आलेली पांढरी मुलगी

मुलानं पुण्यात फ्लॅट घेतला त्या वर्षी क्लासेसना चार दिवसांची सुट्टी लागली आणि मी लातूरहून त्याच्याकडं आराम करायला गेले. आराम हा शब्द त्याचा. आमची खानावळ आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून बिलोली-देवणीकडून क्लासेसना आलेली पोरं-पोरी आमच्याकडं जेवतात. पहाटे कणीक मळायला घेतली की दुपार कधी होते कळत नाही. इतकी वर्षं उभं राहून पोटऱ्यांचे दगड झालेत.

सोफ्यावर पाय घेऊन बसले, डोळा लागणार तोच सून म्हणाली, "आई, आज सोसायटीत हॅलोविन आहे. मुलं भुतं होऊन घरोघर येतील. आम्ही हिला घेऊन जातो. तुम्ही फक्त दार उघडून चॉकलेट द्यायचं."

"भुतं व्हायची हौस कशापायी गं?"

"मजा असते, आई."

चार वर्षांची नात चेटकीण झाली होती. काळी टोपी सारखी तिच्या डोळ्यांवर घसरत होती. तिघं हसत खाली गेली. खाली बागेत कागदी वटवाघळं टांगली होती, कोरलेले भोपळे मांडले होते, आईबाप फोटो काढत होते. खिडकीतून बघितलं तर चांगलंच वाटलं. दमलेल्या माणसाला दुसऱ्याची मजा लांबून बरी वाटते.

मग बेल सुरू झाली. दर वेळी गुडघ्यावर हात टेकून उठायचं. चॉकलेटबरोबर मी घरून आणलेला लाडूही देत होते. एका सांगाड्यानं विचारलं, "आजी, यात शेंगदाणे आहेत? मला चालत नाहीत."

"शेंगदाण्याचाच हाय रे बाबा," म्हणत मी लाडू परत घेतला.

पाचव्या की सहाव्या बेलला दार उघडलं तर एकटीच मुलगी उभी. सात वर्षांची असेल. केसांपासून पायापर्यंत पांढरी पावडर फासलेली, डोळ्यांभोवती काळं. पापण्यासुद्धा पांढऱ्या.

त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा मी नवी नवरी, लातुरात सासरी होते. माहेर औशाच्या पुढं. टेम्पोत उभं राहून दुपारी गावात पोचले, तर गाव नव्हतंच, नुसती दगडमाती. शाळेच्या मैदानात माणसं ओळीनं निजवली होती. सगळी मातीनं पांढरी, सगळी एकसारखी. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या तीन मुली होत्या. ओळख पटेना. मी पदर भिजवला आणि एकेकीचं तोंड पुसलं. तिसरी आमची होती.

दारातल्या मुलीला मी हाताला धरून आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि नॅपकिन ओला करून तिचं तोंड पुसायला लागले.

"आजी, मेकअप जाईल!"

"जाऊ दे. तोंड दिसू दे तुझं."

ती घाबरली नाही, गुदगुल्या झाल्यासारखी हसत राहिली. खालून गुलाबी गाल निघाला. तेवढ्यात तिची आई लिफ्टमधून बाहेर आली.

"अहो काकू, हे काय केलंत? तासभर लागला होता मला! आता स्पर्धा आहे तिची!"

नॅपकिन तसाच हातात. ती मुलीला ओढत घेऊन गेली.

तक्रार मुलापर्यंत लगेच पोचली. वर आला तो चिडूनच. "आई, काय हे? लोकांच्या लेकरांना असं..." माझ्याकडं बघितलं आणि थांबला. मग मी सांगितलं. आपली एक मावशी भूकंपात गेली, एवढंच त्याला ठाऊक होतं.

"तू कधी बोलली नाहीस."

"कवा बोलायचं? सकाळी डबे, संध्याकाळी डबे."

तो बराच वेळ माझ्या पायाशी बसला. मग उठून त्या मुलीच्या घरी जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई मुलीला घेऊन आली. "काकू, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? चूक माझीच हाय. पोरीची स्पर्धा बुडवली मी."

"नाही बुडली. ती तशीच गेली, अर्ध्या पांढऱ्या तोंडानं."

मुलगी माझ्याकडं टक लावून बघत होती. "तुमच्या बहिणीचं नाव काय होतं?"

मी नाव सांगितलं. लग्नात, बारशात, कुठंच इतक्या वर्षांत ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मुलीनं ते एकदा म्हणून बघितलं आणि नातीबरोबर खेळायला पळाली.

मुलगा म्हणाला, अजून दोन दिवस राहा. पण नवी बॅच सुरू होणार होती आणि खानावळ नवऱ्यावर सोडून आलेले. एसटीत खिडकीची जागा मिळाली. बार्शी येईपर्यंत मला जाग आली नाही.