ललीचा फ्लेक्स मागच्या गल्लीत

माझी धाकटी बहीण लली सहा एप्रिलला गेली. पूर्ण नाव ललिता जयसिंग, वय अडतीस. डोक्यातली शीर फुटली, दोन दिवस दवाखान्यात होती, तिसऱ्या दिवशी नव्हती.

तिच्या सासरी वाघोलीला फ्लेक्सची कमी नाही. पुतण्याला मुलगा झाला, फ्लेक्स. सासऱ्यांनी नवी गाडी घेतली, फ्लेक्स. घरातलं कुत्रं एक वर्षाचं झालं तवा पण नगर रोडला फ्लेक्स लागला होता, कुत्र्याच्या डोक्यावर टोपी. आणि लली गेली तवा फ्लेक्स लागला मागच्या गल्लीत, गिरणीच्या भिंतीला. दळण घेऊन येणाऱ्या बायांशिवाय तिथं कुणी फिरकत नाही. वर लिहिलेलं आदर्श माता, खाली शोकाकुल म्हणून सगळ्या भावकीची नावं.

मी विचारलं, मेन रोडला का नाही लावला. ललीची पोरगी मैत्री अकरा वर्षांची हाय, तिनंच सांगितलं. म्हणली, "मावशी, मेन रोडनं माझी स्कूल बस जाते ना."

हे समजायला आठ वर्षं मागं जावं लागतं.

आमचं माहेर केसनंदला. मी चौथी शिकले, लली सातवी. मी लग्न होऊन बिबवेवाडीला आले, पोळीभाजीचं केंद्र टाकलं, ते अजून चालवते. लली गेली वाघोलीच्या मोठ्या घरात. त्यांची जमीन बिल्डरला गेलेली, तीन मजली बंगला, दारात गाड्या. पण लली कुठं बदलली नाही. माझ्याकडं आली की ओट्यावरचा रद्दी पेपर आधी वाचायची, मग त्यात भजी बांधायची. मी म्हणायची अगं गिऱ्हाईक उभं हाय. ती म्हणायची, थांब गं, बातमी अर्धी राहिली. त्या गिऱ्हाईकालाच विचारायची, तुम्हाला माहीत हाय का पुढं काय झालं. स्कूटी पंधरा दिवसांत शिकली. वाघोलीतून बिबवेवाडीला एकटी यायची, हेल्मेटच्या आत फोन खोचून माझ्याशी बडबडत.

मैत्री साडेतीन वर्षांची झाली तवा जयसिंगरावांना, म्हणजे ललीच्या नवऱ्याला, एक शाळा आवडली. मोठ्या लोकांची शाळा. पोरीबरोबर आईबापाला पण बोलवतात. त्याला आता मुलाखत म्हणत नाहीत, इंटरॅक्शन म्हणतात. बसून गप्पा मारायच्या म्हणे. गप्पांत नापास झालात की पोरीला जागा नाही.

जयसिंगराव म्हणले, आई सातवी म्हणलं की फॉर्म तिथंच बाजूला पडंल. मग ठरलं की आई म्हणून निशा बसंल. निशा म्हणजे ललीची धाकटी जाऊ, बी.कॉम., इंग्रजी चांगलं. ललीचे सासरे दत्तोबा म्हणले, "घरचीच बाई हाय. कुठं परकी बसवतोय."

फॉर्मवर आईचं नाव ललिता, शिक्षण बी.कॉम., आणि खुर्चीवर निशा. निशाच्या साडीला इस्त्री ललीनं केली. आणि चार दिवस मैत्रीला घेऊन बसली. शाळेत काकीला मम्मी म्हणायचं, घरी आईला आई. बरोबर बोलली की एक काजू. लेकरू हुशार, पास झालं.

ललीनं मला फोन केला होता आदल्या दिवशी. म्हणली, आक्का, असं करतायत. मी म्हणलं, एका दिवसाचं नाटक हाय, पोरीचं कल्याण होतंय, गप बस. हे मीच बोलले. आता त्या घराला शिव्या देते तवा त्यातली एक माझ्याच पदरात पडते.

एक दिवसाचं नाटक आठ वर्षं चाललं. पालकांची मीटिंग आली, निशा. खेळाचा दिवस आला, निशा. गॅदरिंगला दोन पास, आई आणि वडील, म्हणजे निशा आणि जयसिंगराव. मैत्री मोर झाली होती. त्या मोराची सगळी पिसं ललीनं शिवली, आणि नाच बघितला निशाच्या मोबाईलवर, तो पण हललेला. शाळेनं मुलांना घरी न्यायचं कार्ड दिलं. त्यावर नाव ललिता जयसिंग, फोटो निशाचा. ललीनं ते मला दाखवलं आणि हसली. म्हणली, "बघ आक्का, मी किती गोरी झाले."

हसण्यावारी न्यायची ती सगळं. मैत्री चौथीत असताना ललीचं हसणं संपलं.

शाळेत मैत्रीला ताप भरला, उलट्या सुरू झाल्या. शाळेनं आईला फोन लावला, म्हणजे निशाला. निशा महाबळेश्वरला. तिनं ललीला फोन केला, ताई तुम्ही जा. लली तशीच गाऊनवर ओढणी टाकून स्कूटीवर गेली. गेटवर वॉचमन म्हणला कार्ड. कार्ड निशाच्या पर्समध्ये. लली म्हणली माझं आधार बघा. त्यानं आधार बघितलं, कॉम्प्युटरवर बघितलं, आणि म्हणला, "नाव जुळतंय बाई, माणूस नाही जुळत." मग विचारलं, "तुम्ही त्यांच्याकडं कामाला हाय का?"

लली हो म्हणली.

खरं सांगितलं असतं तर पोरीला शाळेतून काढतील ही भीती. दीड तास गेटबाहेर फुटपाथवर बसली जयसिंगराव येईपर्यंत. आत पोरगी मम्मी नाही, आई आई करून रडत होती, हे शाळेतल्या मावशींनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लली माझ्या तव्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणली, "आक्का, शाळा बदलायची."

जयसिंगराव ऐकेनात. त्यांचं पण सगळंच चूक नव्हतं. पोरगी तिथं रुळली होती, पोहण्यात पहिली यायची, मैत्रिणी होत्या. म्हणायचे, "एवढी नावाची शाळा. लोक तिथं नंबर लागावा म्हणून नवस बोलतात आणि तू काढून घ्यायची म्हणती? कशासाठी?"

"मला गेटच्या आत जायचंय," लली म्हणायची.

"तुझ्या हौसेसाठी पोरीचं नुकसान करू का?"

यावर घरात दोन वर्षं भांडण चाललं. ललीनं दुसरी शाळा शोधली. ती पण काय धर्मशाळा नव्हे. सहावीला सात जागा, अर्ज दोनशेच्या वर. पोरीची परीक्षा, मग आईबापाशी गप्पा. ललीनं फॉर्म स्वतःच्या हातानं भरला. आईचं शिक्षण, सातवी. आईचा फोटो, तिचाच, कपाळावर टिकली जरा तिरकी. बुधवार पेठेत जाऊन मैत्रीसाठी परीक्षेची जुनी पुस्तकं आणली आणि दुपारी माझ्याकडं येऊन स्वतःच त्यातली गणितं सोडवत बसायची. मी पोळ्या लाटायची आणि शाळेच्या मॅडम व्हायची.

"हं, ललिताबाई, तुमच्या मुलीत काय विशेष?"

"मॅडम आधी पोळी उलटा, करपली."

फेब्रुवारीत खरं बोलावणं आलं. जयसिंगराव गेले, पण तोंड पाडून. ललीनं बसल्या बसल्या सांगितलं, मी सातवी शिकलेय, मराठीत बोलले तर चालंल का. तिथल्या मॅडम म्हणल्या, चालेल की. मग त्यांनी विचारलं, मुलीबद्दल असं काही सांगा जे फॉर्ममध्ये नाही. लली म्हणली, "ती डब्यातली भेंडी मैत्रिणीला देते आणि घरी येऊन खरं सांगते. खोटं बोलायला तिला आम्ही शिकवलंय, ते मला बंद करायचंय."

मार्चमध्ये पत्र आलं, जागा मिळाली. ललीनं ते स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, मसाल्याच्या डब्यांसमोर. रोज दार उघडलं की दिसायचं. जयसिंगरावांनी हो म्हणलं नव्हतं. बघू म्हणले होते. जूनपर्यंत वेळ होता म्हणे.

आणि सहा एप्रिल झाली.

तेराव्याला मी मैत्रीला जवळ घेऊन बसले होते. विचारलं, शाळेत सांगितलं का गं, बाईंनी फोन केला का. ती म्हणली, "काकी वारली असं कळवलंय."

मला वाटलं माझ्या कानात काही गेलंय. निशाला विचारलं, सुट्टीचा अर्ज कुणी लिहिला. ती म्हणली, "मी, आक्का. शाळेच्या ॲपवर. भाऊजी म्हणाले तसं." मी म्हणलं दाखव. दाखवलं. इंग्रजीत होतं, तिनंच वाचून सांगितलं. मैत्रीच्या काकींचं निधन झाल्यामुळं ती दहा दिवस येणार नाही. खाली नाव, ललिता जयसिंग.

माझ्या बहिणीनं मेल्यावर सुट्टीचा अर्ज लिहिला.

तेराव्याचं जेवण चालू होतं, लोक जिलेबी मागत होते. सगळे गेल्यावर मी जयसिंगरावांपुढं बसले आणि म्हणलं, नव्या शाळेचं काय.

ते म्हणले, "आक्का, पोरीची आई गेली. आता अजून शाळा बदलून तिला हलवायचं का? आहे तिथं राहू दे. तिथं निदान..."

"तिथं निदान काय?"

दत्तोबा म्हणले, "तिथं तिची आई हाय की अजून. कागदावर. काय बिघडतंय."

"बरोबर हाय," मी म्हणलं. "सोय झाली. एक मेली तर दुसरी तयार हाय. टायर बदलल्यासारखं."

"जीभ आवरा, पाहुण्याबाई."

"ललीनं आवरली की आठ वर्षं. तिला काय दिलंत? गिरणीची भिंत."

निशा कोपऱ्यात उभी होती. तिचा राग मला होताच, पण तिला तिथं उभं केलं कुणी हे पण मला माहीत हाय. महिनाअखेरीला निकाल होता, त्याला पण तिलाच पाठवलं. लली गेल्याला चोवीस दिवस. वर्गाच्या बाईंनी निशाचा हात हातात घेतला म्हणे, जाऊ गेली, वाईट झालं, मैत्रीला सांभाळा. घरी येऊन निशानं साडी न बदलता मला फोन केला. म्हणली, "आक्का, मी आता जाणार नाही. मला ताई बनून रडायला लागलं तिथं, आणि ते पण मीच मेलेय म्हणून."

मी दुसऱ्याच दिवशी केंद्र बंद ठेवून वाघोलीला गेले. जयसिंगराव जेवायला बसलेले. मैत्री मीठ घ्यायला कपाट उघडून उभी होती, ते पत्र समोर. मी म्हणलं, पोरीला तरी विचारा. ते म्हणले, "मैत्री, तुला कुठं जायचंय? तुझ्या मैत्रिणी इथं हायत, पोहायचा तलाव इथं हाय. तिथं तलाव पण नाही."

मैत्रीनं कपाट लावलं नाही. म्हणली, "पप्पा, तिथं आई वारली असं सांगता येईल."

जयसिंगरावांचा घास हातात राहिला.

"इथं मी रडले की सगळे म्हणतात, काकीचं एवढं काय," ती म्हणली. "वर्गातली अन्वी म्हणली, तुझी मम्मी आहे ना."

जयसिंगराव ताटावरून उठले, मोरीवर हात धुतले, बराच वेळ धुतले. बाहेर येऊन म्हणले, "दाखला काढू."

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं जुन्या शाळेत गेलो. मी पहिल्यांदा त्या गेटच्या आत गेले. लली कधी गेलीच नाही. ऑफिसातल्या बाईंनी अर्ज बघितला, म्हणल्या, आईची पण सही लागेल. जयसिंगराव खिडकीबाहेर बघायला लागले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. मी बोलणार नव्हते. मैत्री म्हणली, "माझी आई वारली. सहा एप्रिलला."

बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं. "अगं, निकालाला तर आल्या होत्या."

"ती माझी काकी," मैत्री म्हणली.

मग जयसिंगरावांना सगळं सांगावं लागलं, उभ्यानं, मागं रांगेत चार पालक. मध्येच आवाज फुटला त्यांचा. मला दया आली नाही. बाईंनी एवढंच विचारलं, मृत्यूचा दाखला आणलाय का. मी पिशवीतून काढून दिला, मी आणलाच होता. आणि ते कार्ड जमा केलं, निशाच्या फोटोचं. बाईंनी ते खणात टाकलं.

परत येताना वाघोलीच्या चौकात मी गाडी थांबवायला सांगितली. म्हणलं, ललीचा फ्लेक्स आता इथं लावा, या खांबाला.

जयसिंगराव म्हणले, "आक्का, दोन महिने होत आले. आता काय लावायचा, लोक हसतील."

समोर त्याच खांबाला कुत्र्याचा फ्लेक्स अजून होता. टोपी उन्हानं पांढरी पडलेली.

"तो काढा आणि लावा," मी म्हणलं. "आदर्श माता खोडा. मैत्रीची आई असं लिहा."