रेखाताईंची ब्रांच

ऑफिसात जुन्या ब्रांच साफ करायचं काम आज माझ्याकडे आलं. ब्रांच म्हणजे मूळ प्रोग्रामची आपल्यापुरती काढलेली प्रत. काम जमलं की ती मूळ प्रोग्राममध्ये मिसळायची आणि मग पुसून टाकायची. पुसायच्या यादीत रेखाताईंचं नाव दिसलं आणि माझा हात थांबला.

मी नोकरीला लागलो तेव्हा त्याच मला शेजारी बसवून शिकवायच्या. एकदा त्यांच्या ब्रांचमधलं काम मी माझ्या प्रतीत उतरवलं आणि माझ्या नावाने मिसळलं. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. रेखाताई नुसत्या हसल्या. गावी आईने गल्लीभर पेढे वाटले.

"उडव की रे, दर्शन घेत बसलास काय?" शेजारचा मंदार म्हणाला.

माणूस नोकरी सोडून जातो, पण त्याचं काम कुणीतरी पुसेपर्यंत तिथेच थांबून राहतं. आमच्या शाळेत दुसऱ्याचं गणित उतरवलं, तर गुरुजी त्याखाली त्या मुलाचं नाव लिहायला लावत. घरातला पहिला पदवीधर मी, आणि नेमकं तेवढंच विसरलो.

ती ब्रांच मी ठेवली. माझ्या कामाखाली लिहिलं, "हे मूळ काम रेखाताईंचं." ऑफिसात ते आता सगळ्यांना दिसेल. आईला मात्र मलाच सांगावं लागेल.