एका कपाचं भांडं

मुलीने गॅस काढून बापाला विजेची शेगडी आणून दिली आणि ती सासरी परतली. बापाची उभी हयात शिंपीकामात गेलेली. सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

"चुंबक चिकटेल तेच भांडं चालेल," असं तिने बजावलं होतं. मास्तरांनी टाचण्या गोळा करायचं चुंबक घेऊन मांडणी पालथी घातली. गेलेल्या बायकोची ॲल्युमिनियमची पातेली एकजात नापास झाली. चुंबक चिकटलं ते दोनच ठिकाणी: एका कपाचं चहाचं भांडं आणि घर भरलेलं होतं तेव्हाचं मोठं पातेलं.

लहान भांडं ठेवलं, तर शेगडी कोकलून बंद पडली. त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, त्याचा तळ फार लहान आहे. शेगडीला वाटतं, वर काहीच नाही."

"म्हणजे एकटा माणूस हिच्या खिजगणतीतच नाही म्हण की!" मास्तर उखडले.

मग मोठं पातेलं चढवलं. एका कपाने तळही झाकेना, म्हणून दोन कप चहा केला. एक स्वतः प्यायले. दुसऱ्यावर, बायको होती तेव्हाच्या सवयीने, बशी झाकली आणि "आता कोणासाठी?" म्हणून स्वतःवरच खेकसले.

बशी मात्र काढली नाही.