गाडीवरची मधली जागा

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं वाचून तुम्ही मला भोळा समजणार नाही. चौरस्त्यावर कुणी उतारा म्हणून टाकलेलं लिंबू उचलून त्याचं सरबत करून प्यालेला माणूस आहे मी. तेही अमावस्येला, चार जणांच्या देखत. नारळ सापडला तर त्याची चटणी. गावातले म्हातारे म्हणायचे, "याले एक दिवस समजीन." मी म्हणायचो, समजू द्या की... तोवर तुमी बी घोटभर घ्या.

आमचं गाव तेलुगू मुलखात, आदिलाबाद जिल्ह्यात, बाजारहत्नूर मंडळात, म्हणजे तुमच्याकडचा तालुका. घरची वांगी, मिरची, टमाटे. आम्ही नवरा-बायको दोन्ही बाजूंना थैल्या बांधून गाडीवर आठवडी बाजाराला नेतो. गावातून हायवेला लागायच्या थोडं आधी एक वळण आहे, कडेला चिंचेची झाडं. वळण संपलं की पोलीस! आधी दिसत नाहीत, आणि दिसतात तेव्हा तुमचं काम झालेलं असतं. पोलिसाचं पहिलं काम काय, तर गाडीची चावी काढून खिशात टाकणे. नाव-गाव नंतर, चावी आधी.

यावर आमच्या लोकांनी जुना तोडगा काढून ठेवलाय. समोरून येणारा गाडीवाला हात गोल फिरवून खूण करतो — पुढं चेकिंग. मग जे ट्रिपल सीट असतात ते वळणाच्या अलीकडेच एकाला उतरवतात. तो कपाशीतून पायी निघतो आणि पोलिसांच्या पलीकडे ओढ्यावर एक लहान पुलिया आहे तिच्यावर जाऊन उभा राहतो. गाडी चेकिंग पार करून येते, त्याला उचलते, पुन्हा ट्रिपल. इतक्या लोकांनी हे केलंय की कपाशीतून चांगली पायवाट पडली आहे. पोलिसांना माहीत नाही असं नाही. त्यांनाही कुठं तेवढ्यासाठी चिखल तुडवायचाय.

माझी पोरगी गौरी, पहिलीत होती. एकुलती एक. आम्ही तिघं असलो तर तिला कुणी मोजायचं नाही, पोराला कोण मोजतं? पण माझी आई सोबत असली की पायवाटेची वेळ यायची. आई उतरली की हीपण टुणकन खाली. आजीच्या पुढं धावत पुलियावर जायची आणि आमची गाडी आली की रस्त्यात उभी राहून पोलिसासारखा हात वर... "बंडी आपु!" शाळेत तेलुगू शिकत होती ना. गाडी थांबव म्हणे. मी थांबवली की आधी चावी काढून मुठीत. गोळी मिळाल्याशिवाय चावी परत नाही. तिची माय म्हणायची, "हे मोठी होऊन पोलीसच होते पाहा तुमी."

पाऊस सरता सरता तिला ताप आला. उतरेना. गावच्या डॉक्टरानं हात टेकले, आदिलाबादला न्या म्हणाला. भर दुपारी आम्ही निघालो. मी पुढं, ती मधात, माय मागून घट्ट धरून. त्या दिवशी वळणावर कुत्रंसुद्धा नव्हतं. रस्ता असा मोकळा, असा मोकळा! माय सारखी बोलत होती तिच्याशी. "झोपली काय व गौरी... झोप. दवाखाना आला का उठवतो." दवाखान्यात नर्सनं हात लावला आणि म्हणाली, ही रस्त्यातच गेलेली आहे.

रस्त्यात म्हणजे कुठं, ते आम्हाला आजही माहीत नाही. आमच्या दोघांच्या मधात बसून पोरगी मेली, आणि आम्हाला समजलं नाही. एका पायातली चप्पलही वाटेत कुठंतरी गळून पडली होती. उरलेली पायात तशीच ठेवून, वरून कापड गुंडाळून मी माझ्या हातानं तिला मातीआड केलं.

आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारत नाहीत. मी तिला 'गौरीची माय' म्हणत आलो. पोरगी गेल्यावरही तेच तोंडातून निघायचं. दुसरं काय म्हणू? मला दुसरं येतच नव्हतं.

पुन्हा बाजाराला जाऊ लागलो तेव्हा पाहिलं, ही गाडीवर माझ्यामागं सरकून बसत नाही. मधात वीत-दीड वीत जागा सोडते. मी ओरडायचो, "सरक ना पुढं! मांगं पडशीन, मंग मलेच निस्तरा लागीन." जागा तशीच.

असंच एकदा वळणावर चेकिंग लागलं. नवा होमगार्ड होता, आम्हाला ओळखत नव्हता. चावी काढली आणि हिंदीत म्हणाला, "तीन-तीन जने? और छोटी को बीच में दबा के? टंकी पे बिठाओ ना उसको."

मला वाटलं थैली पाहून बोलतोय. म्हटलं, साब, बैंगन है. तो हसला. "बैंगन को चोटी रहती क्या?" आणि पुढच्या गाडीकडे गेला. माझं डोकं असं तापलं! कुणीतरी यांना सांगितलं असणार, आणि हे आमची मजा घेऊन राह्यले. पण मागं वळून पाहिलं तर गौरीची माय... काय सांगू. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर जीव आला होता. त्या रात्री ती पोटभर जेवली.

तेव्हापासून तिनं नवीनच काढलं. चिंचा दिसल्या की मागून माझं हेल्मेट ओढायची. "काढा ना. थांबवू द्या त्याहीले."

"काऊन? चालान काय तुहा बाप भरीन?"

"तेच फक्त पाह्यतात तिले. मले नाई दिसत, तुमाले नाई दिसत. काढा ना हो..."

मी तिला नाही नाही ते बोललो. मेली ते, मातीत घातली मी, तुह्या डोक्यावर परिणाम झाला. ती म्हणाली, "झाला असन. पण काढा." शेवटी एकदा काढलं. रागानंच काढलं, की होऊन जाऊ दे काय व्हायचं ते.

त्या दिवशी मिशीवाला पोलीस होता, वयानं मोठा. थांबवलं, चावी घेतली, म्हणाला, "मुग्गुरु." म्हणजे तिघं. मी तडकलो. गाडीवर बसूनच म्हटलं, साब, गिनो. बोट लावके गिनो. त्यानं बोट लावलं. एक मी. मग बोट खाली आलं, माझ्या कमरेच्या वर, लहान पोराचं डोकं असतं तितक्यावर — दोन. मग पुन्हा वर, माझी बायको — तीन. आणि तो वाकला, आमच्या मधात पाहून म्हणाला, "बच्ची की एक चप्पल कहाँ है? गिर गई क्या?"

चपलेचं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आईलासुद्धा नाही. तो मात्र पोराशी बोलावं तसं त्या रिकाम्या जागेशी बोलत होता, डोळे मोठे करून. "अगली बार ऐसे आए तो तेरे को इधर ही उतार लूँगा. समझी? फिर अम्मा-बापू आराम से जाएँगे."

पोलिसांची थट्टा अशीच असते. पण गौरीच्या मायनं दोन्ही हात पुढं घेऊन ती जागा कवटाळली. घरापर्यंत सोडली नाही.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी आम्ही वळणाच्या अलीकडे होतो. समोरून येणाऱ्यानं हात गोल फिरवला. चेकिंग. ही मागून ओरडली, "थांबा! थांबा म्हणतो ना!"

थांबलो. ही उतरली. गाडीवरून कुणाला काखेत धरून उतरवतात तसं काहीतरी उतरवलं, खाली वाकली आणि म्हणाली, "आज पायवाटेनं जाय बाई. तो मिशीवाला लय खराब हाय, ठेवून घेईन तुले. एका पायात चप्पल नाई तुह्या, काटे पाहून चाल. पुलियावर उभी राह्य. आमी आलोच."

मी म्हटलं, झालं काय नाटक? बस आता. ती बसली. मी गाडी काढली.

मिशीवाल्यानं पाहिलं आणि दोन बोटं दाखवली. "इद्दरे. बच्ची को घर पे छोड़े? अच्छा किए." जा म्हणून हात केला. इथं आम्ही निघालो असतो तर... पण त्या दिवशी सोबत एक नवा साहेब होता, पोरगेलासा, इस्त्री न मोडलेला. त्यानं माझी चावी काढली. इन्शुरन्सचा कागद दाखव. कागद मोबाइलमध्ये, मोबाइलला नेटवर्क नाही. उभा राह्य बाजूला. मी हातापाया पडलो, माल सुकून राह्यला म्हटलं. तो चावी बोटावर फिरवत फोनवर बोलत राहिला. गौरीची माय टाचा उंचावून पुलियाकडे पाहत होती. "सोडा ना साहेब," म्हणत होती, "पोट्टी एकटी उभी हाय तिथं." साहेबाला मराठी येत नव्हती.

तेवढ्यात मागून एक गाडी आली. तरणं जोडपं, नवंच लगीन झालेलं असावं, पोरीच्या हातावरची मेंदी गेली नव्हती. दोघांना हेल्मेट, कागद बरोबर. त्यांना लगेच सोडलं. गेले ते पुढं.

आमची चावी मिळाली तेव्हा मी शिव्या देतच पुलियावर आलो. ही उतरली. मधली जागा हातानं झाडली. "बस व."

मग ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "नाई आली."

"आली, बसली. चल आता. टमाटे शिजून राह्यले उन्हानं."

"जागा रिकामी हाय, गौरीचे बाबा. मले समजते."

आम्ही थांबलो. ती कपाशीत जाऊन हाका मारून आली. मी पण मारल्या, खोटं कशाला बोलू. लिंबाचं सरबत पिणारा मी, भर उन्हात रिकाम्या कपाशीत मेलेल्या पोरीच्या नावानं हाका मारत होतो. शेवटी ही तरातरा पोलिसांकडे परत गेली. मी गाडी लावून मागं पळालो. मिशीवाल्याला तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, हमारी लड़की देखी क्या, पायवाट से आई क्या?

"हाँ, आई ना," तो म्हणाला. पाणी पीत होता. "पुलिया पे हाथ दिखा रही थी, पुलिस के जैसा. वो आगे वाली गाड़ी रुकी ना, मेहंदी वाली... उसपे बैठ के गई. मैं समझा आपके ही लोग हैं."

गौरीची माय वळली आणि हायवेकडे पळत सुटली. भर रस्त्यानं, पदर सुटलेला, ट्रक हॉर्न मारून राह्यले. मी गाडीनं गाठून तिला पकडलं तेव्हा ती माझ्या छातीवर मारत होती. "ते कोन होते? कोन्या गावचे होते? काऊन नाई पाह्यला नंबर तुमी?" नाही पाहिला मी नंबर. कोण पाहतो?

घरी जाताना ती गाडीवर बसली ती पार माझ्या पाठीला चिकटून. सरक म्हणायची गरजच पडली नाही. पोरगी मेली त्या दिवशी रडलो नव्हतो, त्या दिवशी हेल्मेटच्या आत रडलो.

आता बाजाराला मी एकटाच जातो. गौरीची माय वळणापलीकडच्या पुलियापर्यंत येते आणि तिथंच उतरते. जोडपं बसलेली गाडी दिसली की हात वर करून थांबवते. विचारते, "तुमच्या मधात कोनी बसलं आहे काय?" कुणी हसतं, कुणी शिव्या देतं, कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढतं. एकानं ढकललं, हाताला खरचटलं होतं. पोलीस तिला हाकलत नाहीत. मिशीवाला असला की प्रत्येक गाडी पाहून तिच्याकडे दोन बोटं वर करतो. दोघंच आहेत, जाऊ दे. सारा दिवस दोन बोटं. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं की एखादवेळी तीन दाखव ना बाबा, खोटी दाखव, हिचं मन राहील. तो म्हणाला, दाखवली तर ती त्या लोकांना घरी जाऊ देईल का?

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मांत्रिक झाले, मनाचा डॉक्टर झाला, ज्याचं त्याचं शास्त्र ऐकून झालं. पोलिसाला चपलेचं कसं समजलं, ते कुणालाच सांगता आलं नाही. तुम्हीही सांगू नका.

एकच काम करा. आमच्या भागात किंवा कुठंही, गाडीवर तुम्ही दोघंच असाल आणि पोलीस तिघं म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला विचारा, पोरीच्या दोन्ही पायांत चपला आहेत का? एकच असली तर तिला तिथं उतरवू नका. चिंचेच्या वळणापलीकडच्या पुलियावर आणून सोडा. तिची माय उभीच असते.