सखुबाईंचे अकरा सेकंद

जया चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या स्टुडिओत व्हीआर फिल्म एडिट करते. त्याआधी बारा वर्षं ती मालिका एडिट करायची. तिथे नको असलेलं चौकटीबाहेर ठेवता यायचं. इथे चौकटच नाही. हेडसेट चढवला की माणूस दृश्याच्या मधोमध उभा राहतो, आणि मान वळवेल तिकडे त्याला काही ना काही दिसतंच.

गेल्या वर्षी वेसाव्याच्या सखुबाईंवरची फिल्म तिच्याकडे आली. त्यांचे यजमान रामनाथ समुद्रात बुडून गेले होते. त्यांची जुनी होडी मोडीत काढण्याआधी त्यांच्या पुतण्याने ती एकदा पाण्यात नेली. तो शॉट पुन्हा मिळणार नव्हता. होडी निघाली, आणि चहूबाजूंचं टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या पाठीमागे जाळ्यांच्या ढिगापाशी सखुबाई अकरा सेकंद रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जयाला फोन केला. चाळीस वर्षं मासळी बाजारात बसले, कुणासमोर डोळे पुसले नाहीत, असं सांगितलं. मग म्हणाल्या, “मना रडताना कोनी बगू नये गो.”

जयाने शब्द दिला.

दिग्दर्शक निलेश वैतागला. “अगं, लोकांनी तेच बघायला हवं. आणि तू लपवतेस?”

“सगळं करूनही एकाने जरी मान वळवली ना, तरी हा शॉट मी काढणार,” जया म्हणाली.

तिने आधी तो कोपरा अंधारा केला. चाचणीला बसवलेले सगळे नेमके अंधाराकडेच बघू लागले. मग तिने आधीचा शॉट फिरवला, म्हणजे नजर आपोआप होडीवर येईल. इंजिनाची धडधड त्या बाजूला वाढवली. तरी नेत्रा नावाची मुलगी मागे वळलीच. मागून येणारा सखुबाईंचा आवाज बोलता बोलता थांबला, म्हणून बघितलं, म्हणाली. जयाला चूक कळली. पुतण्याला दोर नीट बांधायला सांगणारा सखुबाईंचा आधी रेकॉर्ड झालेला आवाज तिने होडीच्या दिशेला बसवला. त्यानंतर कुणी वळलं नाही.

शेवटी सखुबाई स्वतः फिल्म बघायला आल्या. बघणाऱ्याची नजर जिथे जाते ते जयाच्या पडद्यावर दिसतं. इंजिन धडधडलं आणि सखुबाई खुर्चीसकट मागे वळल्या, जाळ्यांकडे. जयाने पडदा बंद केला आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

बऱ्याच वेळाने सखुबाईंनी हेडसेट काढला. पदराने आतल्या दोन्ही काचा पुसल्या.

“मना रडताना बी दाव लोकांना,” त्या म्हणाल्या.